नदीकांठच्या बंदरांतून जहाज सुटतें तेव्हां

समुद्रकांठच्या बंदरांतून जहाज सुटलें कीं घटका-दोन घटकांत जमीन मागें पडते आणि चोहोंकडे पाणीच पाणी दिसूं लागतें. नदीकांठच्या बंदराची गोष्ट निराळी आहे. तेथें जहाजाला आधीं नदी उतरावी लागते, नदीच्या मुखावरील गाळ चुकवावा लागतो, आणि मगच समुद्र भेटतो. अशा बंदरांतून जलसफरीला निघणाऱ्या माणसाचा बेत एकट्या त्याच्या हातीं राहत नाहीं. त्या बेतांत नदीचा, हवेचा आणि घड्याळाचा वांटा असतो. तो वांटा जो आधींच बाजूला काढून ठेवतो, त्याचा प्रवास सुखाचा होतो. जो काढून ठेवीत नाहीं, त्याच्याकडून तो सक्तीनें वसूल केला जातो.

अमेरिकेंतील न्यू ऑर्लीन्स हें असें एक शहर आहे. फ्रेंचांनीं १७१८ सालीं तें मिसिसिपी नदीच्या एका मोठ्या वळणावर वसविलें. नदी तेथें चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून शहराला 'चंद्रकोरीचें शहर' असें लाडकें नांव पडलें आहे. समुद्र तेथून जवळ आहे असें नकाशावरून वाटतें. परंतु नदीच्या वाटेनें मेक्सिकोच्या आखातापर्यंतचें अंतर सुमारें ११० मैल, म्हणजे पावणेदोनशें किलोमीटर भरतें. धक्क्यावरून सुटलेल्या मोठ्या जहाजाला एवढी नदी उतरण्यास सात-आठ तास लागतात. तरीहि या बंदरांतून जलसफरीला निघणाऱ्यांची गर्दी थोडी नाहीं. २०१९ सालीं येथील धक्क्यांवरून दहा लाखांहून अधिक उतारूंची ये-जा झाली.

आतां शिकागोजवळ राहणारें एक मराठी कुटुंब श्रोत्यांनीं कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. मुलगी व जांवई दोघेंहि नोकरी करतात. त्यांचीं दोन मुलें शाळेंत जातात. मुलीचे आईवडील नागपुराहून कांहीं महिन्यांकरितां आले आहेत. वडिलांनीं आयुष्यभर शाळेंत भूगोल शिकविला. मिसिसिपीचें मुख फळ्यावर काढतांना तें पक्ष्याच्या पायासारखें, बोटें पसरलेलें काढावयाचें, हें त्यांनीं किती वर्गांना सांगितलें असेल याची गणती नाहीं. नदी मात्र त्यांनीं नकाशांतच पाहिली. वय चौऱ्याहत्तर, हृदयावर एक शस्त्रक्रिया झालेली. पुन्हां अमेरिकेस येणें होईलच, असें घरांत कोणीहि खात्रीनें म्हणत नाहीं. मार्च महिन्यांत मुलांना शाळेची आठवड्याची सुटी असते. त्या सुटींत न्यू ऑर्लीन्सहून निघणाऱ्या जहाजानें मेक्सिकोच्या कोझुमेल बेटापर्यंत जाऊन यावें आणि बाबांना त्यांची नदी दाखवावी, असें मुलीच्या मनांत आलें.

जांवयानें बेत कागदावर मांडला. रविवारीं पहांटे विमान, अकरा वाजतां न्यू ऑर्लीन्स, दुपारीं चार वाजतां जहाज. पुढच्या रविवारीं सकाळीं जहाज परत, साडेअकराचें विमान, सोमवारीं सर्वजण आपापल्या कामावर. एकहि तास वायां जात नव्हता. मुलीची आई शेजारीं बसून भाजी निवडीत होती. तिनें विचारलें, "विमानाला उशीर झाला, तर जहाज आपल्यासाठीं थांबेल का?"

जांवई हंसून म्हणाला, "नाहीं, आई. तें कोणासाठींच थांबत नाहीं."

"मग आदल्या दिवशींच कां नाहीं जायचें?"

या प्रश्नाला घरांत कोणाजवळ उत्तर नव्हतें. आणि खरोखर या विषयाचें सारें मर्म या एका प्रश्नांत आहे.

जहाज कां थांबत नाहीं, हें प्रथम पाहिलें पाहिजे. अमेरिकेंतून परदेशीं निघणाऱ्या प्रत्येक जहाजाला आपल्या उतारूंची संपूर्ण नामावली सुटण्यापूर्वीं किमान ६० मिनिटें सरकारकडे पाठवावी लागते. नामावली बंद झाली कीं नंतर आलेल्या माणसाला, तो धक्क्यावर उभा असला तरी, आंत घेतां येत नाहीं. पुष्कळ कंपन्या याहिपेक्षां आधीं, दीड तासापूर्वींच दार लावून घेतात. म्हणजे चारला सुटणाऱ्या जहाजाची खरी वेळ चार नसून अडीच समजावी. दुसरें कारण नदी. तिच्यावर मालाच्या आगबोटी, तेलवाहू जहाजें आणि तराफ्यांच्या लांबच लांब माळा अहोरात्र चालूं असतात. नदी उतरविणारा वाटाड्या, ज्याला तिकडे पायलट म्हणतात, तो नेमलेल्या वेळीं जहाजावर चढलेला असतो. एका कुटुंबासाठीं ही सारी सांखळी थांबवितां येत नाहीं.

नदीच्या प्रवासाची आंखणी कशी करावी, याचा एक उत्तम धडा याच नदीच्या इतिहासांत आहे. १८०९ सालीं निकोलस रूझवेल्ट नांवाचा एक गृहस्थ आपल्या तरुण पत्नीसह, लिडियासह, पिट्सबर्गहून एका सपाट तळाच्या नावेंत बसून निघाला. ओहायो व मिसिसिपी या दोन नद्यांवर पाण्यावर चालणारी वाफेची आगबोट सुरूं करतां येईल कीं नाहीं, हें त्याला पाहावयाचें होतें. सुमारें सहा महिने तो नदी उतरत राहिला. वाटेंत त्यानें खोली मोजली, प्रवाहाचा वेग पाहिला, जुन्या नावाड्यांना विचारलें. एवढेंच नव्हे, तर कांठावर दगडी कोळसा कोठें आहे हें शोधून, पुढें येणाऱ्या बोटीसाठीं तो आधींच खणून ठेवण्याची व्यवस्था केली. बोट अजून बांधावयाची होती, पण तिचें सरपण कांठावर तयार होतें.

दोन वर्षांनीं, १८११ च्या ऑक्टोबर महिन्यांत, 'न्यू ऑर्लीन्स' हेंच नांव दिलेली ती आगबोट पिट्सबर्गहून सुटली. एवढी तयारी असूनहि लुइव्हिल येथें तिला थांबावें लागलें. तेथील खडकाळ धबधब्यावर पाणी पुरेसें नव्हतें. रूझवेल्टनें घाई केली नाहीं. पाणी चढेपर्यंत तो कित्येक आठवडे वाट पाहत राहिला. त्याच मुक्कामांत लिडिया प्रसूत झाली. डिसेंबरांत पाणी वाढलें, बोट धबधबा उतरली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनीं मिसिसिपीच्या खोऱ्यांत प्रचंड भूकंप झाले. कांठ खचले, बेटें नाहींशीं झालीं. तरीहि १८१२ च्या जानेवारींत ती बोट सुखरूप न्यू ऑर्लीन्सला पोंचली. भूकंपाचा बेत कोणी आंखूं शकत नाहीं. परंतु ज्याच्या बेतांत थांबण्यास जागा होती, तो भूकंपांतूनहि पार पडला.

आजच्या उतारूला नदीची खोली मोजावयास नको. पण ऋतु मात्र त्यानेंच पारखला पाहिजे. या बंदराला निर्दोष असा ऋतु नाहीं. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम, आणि सप्टेंबरच्या सुमारास त्यांचा जोर सर्वांत अधिक. २९ ऑगस्ट २००५ रोजीं कॅटरिना वादळानें या शहराची काय दशा केली, हें जगानें पाहिलें. त्या वेळीं बेघर झालेल्यांना आणि मदतीस आलेल्यांना राहण्यासाठीं सफरीचींच जहाजें भाड्यानें घेण्यांत आलीं होतीं. हिवाळ्यांत व वसंताच्या आरंभीं वादळ नसतें, पण धुकें असतें. उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशांतून आलेलें नदीचें पाणी थंड, आणि आखातावरून येणारी हवा उबदार व दमट. या दोहोंची गांठ पडली कीं पाण्यावर असें दाट धुकें बसतें कीं जहाजाच्या नाळेवरून पाणी दिसत नाहीं. मग मुखावरील वाहतूक थांबते. कधीं कांहीं तास, कधीं त्याहून अधिक.

वसंतांत पुराचाहि विचार असतो. अमेरिकेच्या ३१ राज्यांतील पाणी कमीअधिक प्रमाणांत या एका नदींत येतें. पुराच्या वेळीं शहराच्या वरच्या अंगाला असलेला बॉने कॅरे नांवाचा सांडवा उघडून जादा पाणी बाजूच्या सरोवरांत सोडतात. हा सांडवा १९३१ सालीं बांधून पुरा झाला. २०१९ सालीं तो एकाच वर्षांत दोनदां उघडावा लागला, आणि असें त्यापूर्वीं कधींच झालें नव्हतें. उलट २०२२ व २०२३ सालच्या शरदांत नदी इतकी आटली कीं वरच्या भागांतील नदी-सफरींना अडथळा झाला. २०२३ सालीं तर समुद्राचें खारें पाणी तळाकडून नदींत वर चढूं लागलें, आणि तें रोखण्यासाठीं नदीच्या तळाशीं घातलेला बांध उंच करावा लागला.

याखेरीज उत्सवाचा विचार करावा लागतो. ईस्टरच्या ४७ दिवस आधीं येणारा मार्डी ग्रा हा येथील सर्वांत मोठा सण. तो ३ फेब्रुवारी ते ९ मार्च या दरम्यान केव्हांहि येतो. त्याच्या आधींचे दोन आठवडे शहरांतून मिरवणुका निघतात व मुख्य रस्ते तासन्‌तास बंद असतात. गणेशविसर्जनाच्या दिवशीं पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यापलीकडे ज्याला आगगाडी गांठावयाची असेल, त्याला ही अडचण समजावून सांगावयास नको.

या कुटुंबाला मुलांच्या सुटीमुळें मार्चचा दुसरा आठवडाच मोकळा होता. सण होऊन गेलेला, वादळें दूर. धोका काय तो धुक्याचा. तो त्यांनीं जाणून पत्करला. आईच्या सांगण्यावरून दोन गोष्टी बदलण्यांत आल्या. जाण्याचें विमान शनिवारचें घेतलें, आणि परतीचें विमान रविवारीं सकाळचें न घेतां रात्रीं नऊचें घेतलें. एका रात्रीचें हॉटेलचें भाडें वाढलें. जांवयानें तें खर्चाच्या बाजूला लिहिलें, पण मनांतून तें त्याला फारसें पटलें नव्हतें.

मग कागदपत्रें. जहाज मेक्सिकोला जाऊन परत येणार, म्हणजे अमेरिकेबाहेर जाऊन पुन्हां अमेरिकेंत प्रवेश करावयाचा. तेव्हां आईवडिलांचा व्हिसा एकदांच प्रवेश देणारा आहे कीं अनेकदां, आणि परतीच्या दिवसापर्यंत त्याची मुदत आहे कीं नाहीं, हें तिकीट काढण्यापूर्वीं पाहावें लागतें. तिकीट काढल्यानंतर पाहून उपयोग नसतो. परदेशीं नोकरी करणाऱ्या मुलांनीं स्वतःच्या पासपोर्टावरील शिक्क्याचीहि तारीख पाहावी. देशांत राहण्याचा हक्क शाबूत असला, तरी शिक्क्याची मुदत संपलेली असणें शक्य असतें, आणि ही गोष्ट देशाबाहेर पाऊल पडल्यावर ध्यानांत येते. येथें कोणी असें विचारील कीं, मग परदेशाला न जातां जहाज अमेरिकेच्याच बंदरांतून कां फिरत नाहीं? याचें उत्तर १८८६ सालच्या एका कायद्यांत आहे. बहुतेक मोठीं सफरी जहाजें बहामा, पनामा अशा इतर देशांच्या निशाणाखालीं नोंदलेलीं असतात. परक्या निशाणाच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरांतून दुसऱ्या बंदरांत उतारू नेण्यास तो कायदा मनाई करतो. म्हणून सफरींत एखादें परदेशी बंदर घ्यावेंच लागतें.

वृद्ध माणसांच्या बाबतींत कागदाइतकीच औषधांची काळजी. धक्क्यावर मोठें सामान हमालांच्या स्वाधीन केलें जातें आणि तें खोलीच्या दारीं कित्येक तासांनीं येतें. म्हणून रोजचीं औषधें, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा आणि पासपोर्ट हीं हातांतल्या पिशवींतच असावींत. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचें बिल निराळें व मोठें असतें. विमा उतरवितांना जुना आजार त्यांत धरला आहे कीं नाहीं, हें बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें. तें वाचण्याचा कंटाळा करूं नये. मुलीनें तें वाचलें. पहिल्या विम्यांत हृदयविकार वगळलेला आढळला, म्हणून तिनें दुसरा घेतला.

शनिवारीं सायंकाळीं मंडळी न्यू ऑर्लीन्सला पोंचलीं. जुन्या चौकाच्या बाजूनें नदीकडे जातांना वडिलांना एक चमत्कार दिसला. नदी पाहण्यास लोक पायऱ्या उतरत नव्हते, चढत होते. शहराचा बराच भाग सखल आहे आणि नदी दोन बांधांमधून वाहते. पाणी चढलेलें असलें म्हणजे रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला बांधापलीकडून जाणारें जहाज आपल्या डोक्यापेक्षां उंचावरून चाललेलें दिसतें. गृहस्थ बांधावर चढून बराच वेळ उभे राहिले. समोर अल्जिअर्सचें टोंक होतें. तेथें नदी जवळजवळ काटकोनांत वळते आणि तिची खोली सुमारें २०० फूट आहे. पुराच्या दिवसांत या वळणावर वरून व खालून येणारीं जहाजें एकाच वेळीं घुसूं नयेत, म्हणून दिव्यांच्या खुणांनीं वाहतूक आंवरतात.

दुसरे दिवशीं सकाळीं आणखी एक गोष्ट घडली. मार्चच्या दुसऱ्या रविवारीं अमेरिकेंत घड्याळ एक तास पुढें करतात. पहांटेच्या विमानाचा मूळ बेत ठेवला असता, तर नेमका हा एक तास त्यांतून गळाला असता. जांवयानें हें सकाळीं चहा घेतांना मोजून पाहिलें आणि तो कांहीं बोलला नाहीं. शिकागोचें त्या पहांटेचें विमान वेळेवर आलें कीं नाहीं, याची चौकशी करण्याचेंहि त्यांना कारण उरलें नव्हतें.

जहाजावर चढल्यावर पहिलें काम भोजनाचें नसून कवायतीचें असतें. धोक्याच्या वेळीं कोणीं कोठें जमावयाचें, जीवरक्षक जाकीट कसें बांधावयाचें, हें प्रत्येक उतारूला दाखवितात. १९१२ सालीं 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर १९१४ सालीं लंडनमध्यें समुद्रावरील जीवरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. पुढें २०१२ सालीं इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' जहाज कलंडलें. त्यानंतर नियम कडक होऊन ही कवायत जहाज सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच घेतली पाहिजे, असें २०१५ पासून ठरलें. पुष्कळ उतारू ती कंटाळ्यानें उरकतात. महाराष्ट्रांतील माणसानें मात्र ती कंटाळ्यानें उरकूं नये. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यांत, मुंबईपासून थोड्याच अंतरावर बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. कोंकणांतील कित्येक घरांत ती आठवण अजून आहे. वृद्ध बाईंनीं नातवंडांना बाजूला बसवून जाकिटाचा पट्टा दोनदां बांधून घेतला.

चार वाजतां जहाज सुटलें. मार्चच्या मध्यास तेथें सात वाजल्यानंतर सूर्य मावळतो, म्हणजे नदीचा पहिला तीन तासांचा भाग उजेडांत पाहावयास मिळाला. डाव्या हाताला शाल्मेटचें रणांगण गेलें. तेथें ८ जानेवारी १८१५ रोजीं अँड्र्यू जॅक्सननें इंग्रजांचा पराभव केला. पुढें 'इंग्लिश टर्न' नांवाचें वळण आलें. १६९९ सालीं बिएन्व्हील नांवाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानें येथें एका इंग्रज कप्तानाला, हा मुलूख आधींच फ्रेंचांच्या ताब्यांत आहे अशी थाप मारून परत फिरविलें, म्हणून हें नांव. आजोबांनीं ही कथा नातवाला सांगितली. त्याला ती फार आवडली. कारण लढाई न होतां शत्रु परतला, असें त्यानें पुस्तकांत वाचलें नव्हतें.

मग अंधार झाला. ज्या ठिकाणीं नदी बोटें पसरून समुद्राला मिळते, तें स्थान मध्यरात्रीच्या सुमारास येणार होतें. आजोबांना हें आधींच ठाऊक होतें; घरीं नकाशा व घड्याळ घेऊन त्यांनींच हिशेब केला होता. तरी ते शाल गुंडाळून कठड्याशीं बसले. पत्नीनें एकदां येऊन सांगितलें, "अहो, गार वारा सुटला आहे. आंत चला." ते म्हणाले, "थोडा वेळ थांब. पायलट बदलेल, तेवढें पाहूं."

हा पायलटांचा पालट पाहण्यासारखा असतो. शहरापासून पायलटटाउनपर्यंत एका संघाचा वाटाड्या जहाज आणतो, आणि तेथून मुखावरील गाळाचा भाग पार करण्याचें काम दुसऱ्या संघाचा वाटाड्या करतो. पायलटटाउनला रस्ता जात नाहीं. सडक अलीकडे व्हेनिस नांवाच्या गांवींच संपते. अंधारांतून एक लहान बोट जहाजाच्या कुशीला येऊन लागते, दोरीच्या शिडीवरून एक माणूस वर येतो व दुसरा उतरतो. जहाज चालतच असतें. भरतीची वेळ पाहून खाडीच्या मुखांतून गलबत आंत घेणारा कोंकणचा तांडेल आणि हा वाटाड्या एकाच विद्येचे उपासक आहेत. पाण्याखालची वाळू आज कोठें सरकली, हें जहाजाच्या कप्तानापेक्षां यांना अधिक कळतें.

ही वाळू पूर्वीं मोठमोठ्या जहाजांना अडवून धरीत असे. १८७५ सालीं जेम्स ईड्स नांवाच्या इंजिनियरानें दक्षिणेकडील फांट्याच्या दोन्ही बाजूंस समांतर बांध घालण्याचें काम हातीं घेतलें. पात्र अरुंद केलें म्हणजे प्रवाहाला वेग येईल आणि नदी आपला गाळ आपणच वाहून नेईल, अशी त्याची खात्री होती. ठरलेली खोली मिळाली तरच पैसे, अशी अट त्यानें मान्य केली. १८७९ पर्यंत ती खोली मिळाली. हल्लीं मोठीं जहाजें नैर्ऋत्येकडील फांट्यानें जातात, तेथेंहि हेंच तत्त्व आहे. आजोबांनीं ही गोष्ट वर्गांत अनेकदां सांगितली होती. त्या रात्रीं मात्र त्यांना दोन्ही बाजूंना दिव्यांपलीकडे कांहीं दिसलें नाहीं. जहाज हलूं लागलें, तेव्हां समुद्र आला एवढें कळलें, आणि ते आंत गेले.

कोझुमेलला उतरतांना एक काळजी घ्यावी लागते, ती घड्याळाची. त्या बेटाच्या प्रांतानें १ फेब्रुवारी २०१५ पासून आपलें घड्याळ बारा महिने एकाच वेळेवर ठेवलें आहे. त्यामुळें उन्हाळी वेळ चालूं असतां न्यू ऑर्लीन्सचें व बेटाचें घड्याळ जुळतें, आणि हिवाळ्यांत एक तासाचा फरक पडतो. अशा वेळीं बेटावरील दुकानाचें घड्याळ न पाहतां जहाजाची वेळ पाहावी. परक्या धक्क्यावर मागें राहिलेल्या उतारूला पुढचा प्रवास स्वतःच्या खर्चानें करावा लागतो. या कुटुंबानें सर्वांचीं घड्याळें उतरण्यापूर्वीं जहाजाच्या घड्याळाशीं ताडून पाहिलीं.

परतीच्या रात्रीं, शनिवारीं, आखातावर धुकें उतरलें. जहाज नदीच्या मुखाबाहेर थांबलें. थोड्या थोड्या वेळानें भोंगा वाजत होता. सकाळच्या विमानाचीं तिकिटें असलेले उतारू रात्रभर कचेरीपुढें रांग लावून उभे होते. कोणाची नोकरी, कोणाची परीक्षा, कोणाचें लग्नघर. अधिकारी नम्रपणें सांगत होते कीं धुकें केव्हां उठेल हें सांगतां येत नाहीं. जांवई त्या रांगेजवळून गेला, सासूबाईंच्या खोलीच्या दाराशीं क्षणभर उभा राहिला आणि मग झोंपावयास गेला.

सकाळीं सूर्य वर आला, वारा फिरला, आणि आठ वाजण्याच्या सुमारास धुकें विरूं लागलें. जहाज हललें. आजोबा कठड्याशीं होते. प्रथम पाण्याचा रंग बदलला. निळ्या पाण्यांत मातकट पाण्याची एक स्पष्ट रेघ उमटली होती. मग दोन्ही बाजूंना दगडी बांध आले. त्यांच्यापलीकडे लव्हाळ्याची सपाट जमीन, मध्येंच पाणी, पुन्हां जमीन, पुन्हां पाणी. नंतर फांटे एकमेकांना मिळतात तें ठिकाण आलें. एक फांटा पूर्वेकडे, एक दक्षिणेकडे, एक नैर्ऋत्येस. जें त्यांनीं चाळीस वर्षें खडूनें काढलें होतें, तें उन्हांत पसरलेलें होतें. नातवानें विचारलें, "आजोबा, हाच का तो पक्ष्याचा पाय?" त्यांनीं मान हलविली. हातानें एकेक बोट दाखविलें, पण शब्द त्यांच्या तोंडून फुटला नाहीं. धुकें पडलें नसतें तर हें स्थान जातां-येतां दोन्ही वेळां रात्रींच्या अंधारांतच गेलें असतें.

दुपारीं चारनंतर जहाज धक्क्याला लागलें. पुढच्या सफरीचे उतारू सकाळपासून तिष्ठत होते. एका धुक्यानें दोन सफरींचे बेत उलटेपालटे केले होते. ज्यांचीं सकाळचीं विमानें चुकलीं, त्यांना नवीं तिकिटें व मुक्काम यांचा खर्च सोसावा लागला. या कुटुंबाला मात्र रात्रीं नऊच्या विमानाला पुरेसा अवकाश होता. विमानतळावर जांवयानें खिशांतून हिशेबाचा कागद काढला. हॉटेलच्या एका रात्रीचें भाडें त्यानें खर्चाच्या बाजूला लिहिलें होतें. तें त्यानें खोडलें आणि कागद घडी करून सासूबाईंच्या हातीं दिला.

जलसफरीचीं जाहिरातीचीं पुस्तकें नृत्याचे दिवाणखाने, भोजनाचे प्रकार आणि पोहण्याचे हौद यांचें वर्णन करतात. त्यांत चूक कांहीं नाहीं. परंतु ज्यांच्या घरांत वृद्ध माणसें आहेत आणि ज्यांना असा प्रवास बहुधा एकदांच घडावयाचा आहे, त्यांनीं आधीं चार गोष्टी विचाराव्या: आदल्या दिवशीं पोंचतां येईल का, परतीच्या दिवशीं किती वेळ मोकळा ठेवला आहे, परत येण्याचे कागद पुरे आहेत का, आणि औषधें हातांतल्या पिशवींत आहेत का. या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं, म्हणजे पुढचें नदीवर सोंपवावें. ती आपल्या वेळेनें समुद्राला मिळते आणि आपल्या वेळेनें माणसाला परत येऊं देते.